हरिश्चंद्रगडावर आपली एक जागा धरायची असेल तर

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. १९ वर्षं झाली. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून जे बघायचं ते ७-८ मायक्रॉनचं. अशा सव्वाशे-दीडशे तांबड्या पेशी ओळीत मांडल्या तर कुठे एक मिलिमीटर भरतो. जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो आणि लांब बघितलं की तो सैल पडतो, हे शिकताना पाठ केलं होतं. लांब बघायला मात्र मी हरिश्चंद्रगडावरच शिकले.

आजवर २३ वेळा गेले. त्यात तारामती या गडाच्या सगळ्यात उंच शिखरावर फक्त चारदा. हे आधीच सांगून टाकते, कारण गड कसा 'मारायचा' हे वाचायला कुणी आलं असेल तर त्याचा वेळ फुकट जायला नको. डोकं पार भंजाळलेलं असताना डोंगरात जाऊन बसायचं, आणि तेही एकदा हौस म्हणून नव्हे तर वर्षानुवर्षं, यासाठी काय काय जमवावं लागतं, तेवढंच लिहिते.

सगळ्यात आधी डोंगर एकच धरा. मी पहिली पाच-सहा वर्षं दर महिन्याला नवा किल्ला करायचे. यादीत खुणा वाढत होत्या, पण दर वेळी निम्मं लक्ष फाटा कुठला, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, शेवटची एसटी सुटेल का, यातच. नवी वाट माणसाला स्वतःचा विचार करूच देत नाही. कुणाला तेच हवं असतं. त्यांनी नवे डोंगर करावेत. पण ज्याला बसायचंय त्याच्या पायांना वाट पाठ हवी. हरिश्चंद्रगडाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मला काही म्हणजे काही मिळालं नाही. चौथ्या वेळी पायथ्याच्या पाचनई गावाकडून चढणाऱ्या वाटेवर, कातळाच्या पोटाखालून जाताना एकदम लक्षात आलं, की गेली वीस मिनिटं मी वाटेकडे बघितलेलंच नाही. तिथून खरी सुरुवात झाली.

डोंगर निवडताना देखणेपणाला मी शेवटचा नंबर देते. आधी तीन गोष्टी बघते. पायथ्याला नांदतं गाव हवं. निदान एक वाट अशी हवी, की घाबरलेल्या, दमलेल्या, रडलेल्या अवस्थेतही उतरता येईल. आणि वर हरवायला जागा हवी, म्हणजे नुसता सुळका नको, पठार हवं. हरिश्चंद्रगडाचं पठार ऐसपैस आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तो येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आहे.

वाटांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते. नळीची वाट कोकणातून, बेलपाड्याकडून, थेट कोकणकड्याच्या कुशीतून चढते. ती दोर, अनुभव आणि जाणती माणसं बरोबर असणाऱ्यांची. मन हलकं करायला जाणाऱ्यांची नाही. खिरेश्वरची वाट सुंदर. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी मागे ठेवून चढायचं, तोलार खिंडीत वाघाचं शिल्प बघायचं, मग रेलिंग धरून कातळटप्पा. पण त्यानंतर टेकड्यांमागून टेकड्या येतात, प्रत्येक आधीच्या टेकडीसारखीच दिसते, आणि धुक्यात तिथे भले भले गोल फिरतात. मीही फिरले आहे. एकाच वाळक्या झाडाला दोनदा भेटले, तेव्हा खाली बसून आधी पाणी प्यायले. एकटीने जायचं तर पाचनई. चढ दोन-अडीच तासांचा, वाट ठळक, आणि बराच वेळ डाव्या-उजव्या हाताला मंगळगंगेच्या ओढ्याची सोबत. वाटेत एके ठिकाणी अख्खा कडा डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला आहे. पावसात बाहेर पाण्याचा पडदा आणि आत तुम्ही कोरडे. वर जायची ताकद नसलेल्या दिवशी मी तिथूनच परत फिरले आहे. ती फेरीही मी २३ मध्ये धरते.

वार मंगळवार किंवा बुधवार. शनिवार-रविवारी कोकणकड्यावर तंबूंची वसाहत असते, स्पीकर असतात, आणि तुमच्या दुःखाच्या मध्ये कुणीतरी ड्रोन उडवत असतं. मला लॅबमध्ये रविवारच्या ड्यूट्या मागून घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे आठवड्यात सुट्टी मिळते. एवढा सौदा केल्याशिवाय शांतता मिळत नाही.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ. तारामतीवरून तेव्हा कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, आजोबाचा डोंगर, रतनगड, इकडे जीवधन आणि नाणेघाट अशी माळ लागते. गड साधारण १४२४ मीटर उंच, त्यामुळे थंडी पायथ्यापेक्षा चांगलीच जास्त. हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वारा धरला तर अंगाला त्याहून जास्त जाणवतं. चढताना घामाने भिजलेला शर्ट बसायच्या आधी बदला. हे फुटकळ वाटेल, पण बसण्याचे निम्मे प्रयत्न पाठ गार पडल्यामुळे अर्ध्या तासात संपतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि तेरडा. कारवी ७ वर्षांनी एकदाच फुलते. ते वर्ष लागलं तर गर्दी सोसूनही जा. एप्रिल-मेमध्ये मी जात नाही. ऊन, पाण्याचे हाल आणि दुपारनंतरचा वळीव. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. मोजणी तिसाच्या आत आली तर पठारावर उभं राहू नका, एकट्या झाडाखाली तर नाहीच.

आता मावशी. पाचनईत एका घरी मी दर वेळी थांबते. निघताना सांगते, कुठल्या वाटेने, कुठवर, किती वाजता परत. "पाचपर्यंत आले नाही तर?" "तर पोरं पाठवते," ती म्हणते. एकटं जाणं आणि कुणालाही न सांगता जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मन शांत होण्यासाठीसुद्धा हे लागतं. आपण कुठे आहोत हे कुणाला तरी ठाऊक आहे, या भरवशावरच माणूस हातपाय सैल सोडून बसू शकतो. घरीही तीच वेळ सांगून ठेवायची. फोन वर कधी लागतो, कधी लागत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यायचा, फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा आणि बॅटरी ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी राखायची.

पहिल्या एक-दोन वर्षांत मावशीला माझं येणं कळतच नव्हतं. "ताई, दर खेपेला वर काय ठेवलंय तुमचं?" मी म्हटलं, "काही नाही, निवांत बसते." ती हसली. "माझं वर दुकान आहे. शनिवार-रविवार डोक्यावर ओझं घेऊन चढते. मी निवांत बसायला खाली येते." तेव्हापासून मी 'डोंगरात सगळी दुःखं विरघळतात' अशी वाक्यं तोंडातून काढत नाही. तो डोंगर कुणाच्या तरी कामाची जागा आहे, जशी माझी लॅब. त्याचं भान ठेवून जा. पाण्यात साबण नको, पुष्करणीत पाय सोडून बसणं नको, कचरा सगळा सॅकमध्ये. आणि शेकोटी पेटवू नका. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

जागा कशी शोधायची, हा खरा मुद्दा. सगळे कोकणकड्यावर जातात. मीही सुरुवातीला तिथेच बसायचे. आत वळलेला तो प्रचंड कडा, हजार मीटरहून खाली कोकण, खालून अंगावर येणारा वारा. बघावं ते थोडंच. एका सकाळी पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं असताना इंद्रवज्रही दिसलं. धुक्यावर माझी सावली, आणि डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. शेजारी उभा असलेला मुलगा ओरडला, "माझ्या डोक्याभोवती आहे!" मी म्हटलं, नाही, माझ्या. दोघंही बरोबर होतो. ज्याला त्याला ते स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. पण एवढं भव्य समोर असलं की माणूस बघतच राहतो. मला बघायचं नव्हतं, बसायचं होतं. शिवाय कड्याच्या काठावर मन कितीही स्थिर वाटलं तरी शरीर सावध असतं, आणि ते असायलाच हवं. कडा बघायचाच असेल तर काठापासून आधीच खाली बसा, पोटावर पडून पुढे सरका, आणि वारा भणाणत असेल तर तेही करू नका.

म्हणून दोन वर्षं पठारावर इकडे-तिकडे बसून बघितलं. केदारेश्वराची गुहा गार, पण माणसांची वर्दळ. मंदिराच्या आवारात बसलं की चांगदेवांनी इथे तप केलं हे कुणीतरी मोठ्याने सांगत असतं. खरंच इतक्या शतकांपूर्वी माणसं बसायलाच इथे आली, याचा मला धीर वाटतो, पण धीर वाटायला शांतता हवी. शेवटी जी जागा सापडली ती कुठे आहे हे सांगणार नाही. कशी आहे ते सांगते. पाठीला उभा कातळ, पण त्यातून दगड सुटलेले नाहीत; खाली ताजे ढलपे पडलेले दिसले असते तर मी तिथे बसलेच नसते. आसपास आग्या मोहोळ नाही. याची खात्री दर वेळी वर मान करून करायची, आणि अंगाला अत्तर-बित्तर लावून जायचं नाही. ओढ्याच्या पात्रात नाही, पण पाण्याचा आवाज येतो. अकरापर्यंत सावली. मुख्य वाटेपासून चार मिनिटं आत, म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ आणि सहज कुणी येणार नाही इतकी लांब. बसायच्या आधी काठीने दगडाच्या कपारी ठोकायच्या. घोणस आणि फुरशालाही निवांत जागाच आवडते. झुडपाच्या फांदीवर हिरवा चापडा एकदा मी हातभर अंतरावरून बघितला आहे. तो हलला नाही. मी हलले.

बसल्यावर काय करायचं? पहिला तास काही होत नाही. उलट त्रास होतो. खाली ज्या भांडणाला पाठ दाखवून आलो तेच भांडण जास्त चांगल्या वाक्यांनी सुरू होतं. बहुतेक जण याच तासात उठतात, फोटो काढतात आणि 'फ्रेश वाटलं' म्हणतात. उठू नका. मी घड्याळ लावूनच बसते: तीन तास. जप, ध्यान मला जमत नाही. मी डोळ्यांना काम देते. आधी सगळ्यात लांबची डोंगररांग बघायची, मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची, अशा एकेक करत स्वतःच्या बुटापर्यंत यायचं आणि उलट जायचं. घाई न करता एका फेरीला दहा-बारा मिनिटं लागतात. समोरच्या डोंगरांत आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाच्या त्या. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि त्यावर झाडं धरतात. एकदा हे समजलं की तो डोंगर पुन्हा नुसता 'हिरवागार' दिसत नाही.

दुसरा माझा खेळ पाण्याचा. कोकणकड्यावरून खाली उडालेलं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं, अंतर शंभर-एक किलोमीटर. त्याच ढगातला, पण थोडा आत पठारावर पडलेला थेंब मंगळगंगेत जातो. तिथून मुळा, मुळेतून प्रवरा, प्रवरेतून गोदावरी, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालचा उपसागर. ओढ्यात पान सोडायचं आणि ते कुठवर पोचेल ते मनात नकाशावर बघत राहायचं. राहुरीजवळच्या धरणात ते अडकणार हे मला माहीत आहे. तरी मी दर वेळी नेवाशापर्यंत जाते, तिथून पुढे पैठण, आणि तिथे सहसा झोप लागते. डोंगरात लागलेल्या अर्ध्या तासाच्या झोपेला कमी लेखू नका.

एका ऑगस्टची गोष्ट सांगते. एकाच आडनावाचे दोन रुग्ण, एकाच सकाळी आले. माझ्या हातून लेबलांची अदलाबदल झाली. आधीच्या महिन्यात हिमोग्लोबिन १३ असलेल्या माणसाच्या हातात ७ चा रिपोर्ट गेला. त्याच्या डॉक्टरांना शंका आली, रक्त पुन्हा घेतलं गेलं, कुणाला काही अपाय झाला नाही. वरिष्ठ म्हणाले, "होतं असं. रजिस्टरला चढवू नकोस, उगाच ऑडिटला दिसेल." मी मान डोलावली, आणि चार रात्री झोपले नाही. पाचव्या दिवशी पाचनई गाठली. मावशी म्हणाली, "ताई, धुकं लई आहे. कड्याकडं अजिबात जाऊ नका." गेले नाही. माझ्या जागेपर्यंतच गेले. दहा फुटांपलीकडे काही दिसत नव्हतं. लांब बघण्यावर माझी सगळी मदार, आणि त्या दिवशी लांब असं काही नव्हतंच.

तासभर मी बचावाची भाषणं रचली. दुसऱ्या तासात तीच वाक्यं फिरून फिरून यायला लागली, मग त्यातले शब्द गळत गेले. धुक्यात शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, अगदी एखाद्या माणसाने आळसावून सूर शोधावा तसा. समोर कारवीचं पान होतं, खरखरीत, दाते असलेलं. प्रत्येक दात्याच्या टोकाला थेंब. मधल्या शिरेवरून एक थेंब सरकायचा, टोकाच्या थेंबाला मिळायचा, तो जड होऊन गळायचा, पान वर उडायचं, आणि टोकाला पुन्हा नवा दाणा धरायला लागायचा. सवयीने मी मोजायला लागले. लॅबमध्ये पांढऱ्या पेशी शंभर मोजतो तसे. शंभर झाले, पुन्हा एकपासून. तिसऱ्या शंभरात कुठेतरी आकडा चुकला. मी मागे जाऊन मोजायचा प्रयत्न केला आणि मग लक्षात आलं, चुकला तो चुकला. आता इथून पुढे मोजायचं, आणि किती चुकले असतील ते बाजूला लिहायचं. एवढंच. मी उठले. पाठीवर शेवाळ घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये चार ओळी लिहिल्या, सही केली. वरिष्ठ दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. झोप मात्र लागली.

पण वर सुचलेल्या सगळ्याच गोष्टी अशा टिकाऊ नसतात, म्हणून माझा एक नियम आहे. वहीत वर बसून एकच ओळ लिहायची आणि पाचनईत उतरून, चहा घेताना, ती मोठ्याने वाचायची. निम्म्या ओळी तिथेच गार पडतात. 'नोकरी सोडून इथेच राहायला यावं' हे मी पाच वेळा लिहिलंय. पाचही वेळा मावशी हसली आहे.

काही वेळा मात्र जाऊच नये. ताप, पोट बिघडलेलं, आदल्या रात्रीचं जागरण. यात चढायचं नाही. आणि जगणं नकोसं झालंय, संपवावं असं वाटत असेल, तर एकट्याने डोंगर ही जागा नव्हे. त्या दिवशी माणूस हवं. घरातलं कुणी, डॉक्टर, नाहीतर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. एका वर्षी मी स्वतः गडाची तारीख रद्द करून हेच केलं होतं. गड चार महिन्यांनी केला.

परतायची वेळ ठरली की ती पाळा, कितीही छान वाटत असलं तरी. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि कातळाच्या पोटाखाली अंधार त्याआधीच येतो. दोनला उठलं की पाचच्या आत गाव. हेडलॅम्प तरीही सॅकमध्ये असू दे, आणि गुडघ्यांसाठी काठी. मन हलकं झालं म्हणून गुडघे हलके होत नाहीत.

गेल्या खेपेला उतरले तर मावशी ओट्यावर रिपोर्ट घेऊनच बसली होती. हिमोग्लोबिन ९.२. कागद मी तिला नीट वाचून दाखवला, रक्त कमी आहे म्हणजे काय ते सांगितलं, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नको म्हटलं. तिने कागद घडी करून कनवटीला खोचला आणि माझ्याशेजारी टेकली. समोर अख्खा गड उन्हात होता. बराच वेळ बघून तिने बोट केलं. "त्या काळ्या चिरेच्या खाली, झाडोरा दिसतोय तिथं बसता ना तुम्ही?" ती जागा पार चुकीची होती. मी हो म्हणाले.